निराधार कशा?

पेणच्या तहसील कचेरीत मी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बसलो होतो, तेव्हा त्या बाई माझ्या शेजारी होत्या. पन्नाशीच्या असाव्यात. हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायच्या. नखांच्या कडांना पिवळा रंग बसलेला. कुणाचंही नाव पुकारलं की त्या अर्धवट उठायच्या, आणि आपलं नाही हे कळल्यावर पदर सारखा करून पुन्हा बसायच्या.

विधवा म्हणून त्यांना मिळणारी निराधारची पेन्शन बंद झाली होती. मुलगी पुण्यात एम.एस्सी. करते. तिच्या शैक्षणिक कर्जातले राहण्याखाण्याचे पैसे मायलेकींच्या जोडखात्यात जमा झाले, आणि कचेरीने तेच उत्पन्न धरलं.

अखेर त्यांना समोरच्या टेबलाशी बोलावलं. कारकून म्हणाला, "मुलीला एवढं शिकवताय, मग तुम्ही निराधार कशा?"

बाईंनी आवाज चढवला नाही. "पोरगी शिकली म्हणून माझा नवरा परत येणार हाय काय, साहेब? पैसे कर्जाचे हायत. ते फेडायचे हायत."

बाईंनी अर्जासोबत जोडलेलं बँकेचं पत्र कारकुनाने पुन्हा वाचलं, या वेळी शेवटपर्यंत. पुढच्या महिन्यापासून पेन्शन चालू होईल, म्हणाला. मागच्या महिन्यांचं मात्र वर विचारावं लागेल.

ज्याला आधार नाही तो निराधार, इतकंच मला ठाऊक होतं. ही बाई तर कुणाचा तरी आधार होती.

पिशवी घ्यायला त्या बाकाशी आल्या, तेवढ्यात मुलीचा फोन आला. "काय नाय गो, बाजाराला आलेय. तू जेवलीस ना?"

फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, "सांगितलं तर शिकायचं टाकून येईल ती."