नावाआधीचा शब्द

दुपारचं जेवून पडवीत आडवी होते. उशाशी माझ्या धाकट्या बहिणीच्या, मेहजबीनच्या लग्नपत्रिकेचा कच्चा नमुना आहे. आज तो छापखान्यात जायलाच हवा. अब्बांच्या नावाआधी 'मरहूम', म्हणजे दिवंगत, घालायचं तेवढं राहिलंय, आणि ते मी घालू देत नाही. आई चिडते, मेहजबीन रडते, मी ढिम्म. तो शब्द छापला की अब्बा खरोखरच गेले.

डोळे जड होतात. पडवी लांबत लांबत जेटीपर्यंत जाते. जेटीवर अब्बांच्या अरबीच्या वर्गातला बाक आहे, आणि अब्बा फणसाच्या उकडलेल्या आठळ्या सोलतायत. बरोबर उत्तराला एक आठळी, ही त्यांची वर्गातली जुनी रीत.

"काय गो, माझी पत्रिका अडवलीस म्हणे?"

"तुमची कुठे? मेहजबीनची."

"नाव तर माझंच अडलंय. त्या शब्दाची अरबीतली मूळ अक्षरं सांग बघू."

गेल्यावर तरी माणसानं मास्तरकी सोडावी! पण मी सांगते, "रा, हा, मीम."

"त्यातनं काय काय निघतं?"

"रहम. रहमत. रहमान."

"आणि रहिम. म्हणजे आईचं पोट. तिथनं बाहेर यायला तू तयार नव्हतीस. सुईणीला रडकुंडीला आणलंस." ते हसतात. भरतीचं पाणी आमच्या स्वयंपाकघरात शिरलंय, तरी चूल पेटलेलीच आहे. "आलीस बाहेर, तर काय वाईट झालं?"

मी बाकावर त्यांच्या शेजारी बसते.

"आता 'मरहूम'."

"ज्याच्यावर दया झाली तो." शेवटी शेवटी त्यांचं एक वाक्य खोकल्याशिवाय पुरं होत नव्हतं. "खरंच झाली, अब्बा?"

"झाली गो. एवढा बोललो, एकदा तरी खोकलो?"

खरंच, नाही खोकले. मला रडू फुटतं. ते अर्धी सोललेली आठळी माझ्या हातावर ठेवतात. "जपून. गरम आहे." उरलेलं साल मी नखानं काढते.

आई हलवून उठवते. छापखान्याचा माणूस दारात उभा आहे. मी पेन घेते आणि अब्बांच्या नावाआधी नीट अक्षरात लिहिते, मरहूम.

आई नमुना घेता घेता माझा अंगठा धरून बघते.

"नखात काय गो हे? आठळीचं साल?"

यंदा आमच्याकडे अजून फणस कापलेला नाही.