देव कोणाला बोबो म्हणत नाही

रोज सकाळी भावजयीने पाठवलेल्या दुधाचा एक थेंब सरनो अंगठ्याच्या नखावर सोडायची आणि नख तिरकं करून तो कसा घरंगळतो ते बघायची. मागे पांढरी रेघ राहिली तर ठीक. थेंब नुसताच पळाला, तर भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची, "कौलां, आज गाय नदीवर जाऊन आली वाटतं."

"हो. तुझी चौकशी करत होती," पलीकडून उत्तर यायचं.

बावीस वर्षं हे चाललं होतं आणि दोघींनाही त्यात काही गैर वाटत नव्हतं. सरनोचा संशय सगळ्यांवर सारखाच होता. बसवाला वेळ खोटी सांगतो, डॉक्टरच्या गोळीत खडू असतो, भरमौरचा दुकानदार जुनाच गूळ वर ठेवतो. नवरा मेंढ्या घेऊन लाहौलकडे गेला तो खिंडीतल्या बर्फातच राहिला. ते सांगायला आलेल्या माणसालाही तिने आधी विचारलं होतं, नवऱ्याच्या लोकरी चोल्याला ठिगळ कुठे होतं ते सांग. त्याने सांगितलं. मग ती रडली.

एकाच गोष्टीवर तिने कधी संशय घेतला नव्हता. तिचा धाकटा भाऊ जैसी गावच्या देवाचा चेला होता. देवळासमोर ढोल वाजू लागला की त्याचा डावा गुडघा थरथरायचा, थरथर वर चढायची, टोपी उडायची आणि मग त्याच्या तोंडून जे यायचं ते देवाचं असायचं. भादव्यात मणिमहेशच्या यात्रेला निघायच्या आधी सगळा जथा अंगणात बसायचा आणि देव एकेकाला सांगायचा, तू चल, तू थांब. ज्याला थांब म्हटलं तो थांबायचा. एकदा एकाने ऐकलं नाही आणि हडसरच्या वर दरड आली. अर्धं गाव अजून त्या घराशी जपून बोलतं.

लग्न झाल्यापासून सरनोचं एकही वर्ष चुकलं नव्हतं. वाटेत धणछोला एका तिरक्या खडकाखाली तिची जागा होती. तिथे ती ताडपत्री बांधून यात्रेकरूंना चहा द्यायची आणि शेवटच्या दिवशी वर जाऊन डलमध्ये, त्या कैलासाखालच्या तळ्यात, बुडी मारायची.

त्या वर्षी देव तिच्यापुढे येऊन थांबला. हातातली लोखंडी साखळी तिच्या पायाशी टेकवून म्हणाला, "तू यंदा वर यायचं नाही. धणछोलाही नाही. घरी राहा, बोबो."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. सरनोनेही घातली. पण मान खाली गेली तरी कान टवकारलेलेच राहिले.

बोबो म्हणजे थोरली बहीण. सारं गाव तिला बोबो म्हणायचं. देव मात्र तिला नेहमी पोरी म्हणत आला होता. काठी टेकत येणाऱ्या म्हाताऱ्यांनाही तो पोराच म्हणायचा. त्या डोंगराच्या वयापुढे कोण थोरलं असणार? देव कोणाला बोबो म्हणत नाही.

एक टाका उसवला तशी सगळी शिवण उसवत गेली. अंग खांद्यापासून हललं होतं, गुडघ्यापासून नाही. अंगणाच्या कडेला खाजरं झुडूप होतं, त्याला तो वळसा घालून गेला. एरवी देव त्यातून सरळ चालत जायचा आणि दुसऱ्या दिवशी जैसी पायाला लोणी चोळत बसायचा. मग हे बोललं कोण? आणि कोणासाठी? कौलांचा भाऊ मेघू गेल्या वर्षी धणछोच्या खडकाखाली बसून म्हणाला होता, जागा झकास आहे.

"मेघू यंदा काय करतोय?" सरनोने भिंतीवरून विचारलं.

"सफरचंदं उतरवतोय. का?"

"सहज. चहा करता येतो का त्याला?"

"पाणी तापवता येत नाही. तुला काय विचारायचंय ते सरळ विचार, बोबो."

सरळ विचारण्यासारखं ते नव्हतंच. शब्द देवाचा असेल तर तिच्या एका पावलाने चाळीस माणसांवर दरड यायची. शब्द भावाचा असेल तर यात्रा आणि जागा दोन्ही फुकट जायचं. जथा निघून गेला. तीन दिवस ती आभाळाकडे बघत बसली. चौथ्या दिवशी तिने काळ्या लोकरीचा डोरा कमरेला गुंडाळला, कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि हडसरची बस धरली.

हडसरनंतरच्या चढणीच्या वाटेवर तिला कशाचाच भरवसा वाटेना. ऊन पडलं तर ते गोड बोलणाऱ्या माणसासारखं वाटायचं. वरून एखादा खडा घरंगळत आला की ती थांबायची आणि त्याच्यामागून आणखी काही येतंय का ते बघायची. काही आलं नाही.

धणछोला तिची जागा रिकामी होती. भोवती दगडांची कंबरभर भिंत रचलेली, आत जैसीचं जुनं घोंगडं.

"तुझ्या भावाने रचलंय," शेजारचा चहावाला म्हणाला. "कोणी बसू नये म्हणून."

"राखलीय, पण कोणासाठी?"

"ते त्याला विचार. मी चहा विकतो."

दुसऱ्या दिवशी ती गौरीकुंडापर्यंत पोचली. दर वळणावर डोरा सैल झाल्याचं निमित्त करून ती थांबत होती. गेल्या वर्षी उतरताना इथेच ती कोसळली होती. पाय घसरला, असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं. जैसीने तिला पाठीवर घेऊन सुंदरासीपर्यंत उतरवलं होतं आणि तोही कुठे काही बोलला नव्हता.

जैसी तिथल्याच एका खडकावर बसला होता. तिला बघून उठला नाही.

"आलीस."

"मेघूला कधी देणार जागा?"

"कुठली जागा?"

"जैसी, देव मला बोबो म्हणाला."

त्याने टोपी काढली, मांडीवर ठेवली. "तीन वर्षं झाली, देव येत नाही. ढोल वाजतो, मी थांबतो, काही होत नाही. मग मीच हलतो."

"आणि मला घरी राहा म्हणालं ते?"

"मीच. गेल्या वर्षी पाठीवर होतीस तेव्हा तुझा श्वास ऐकू येईना. सुंदरासीपर्यंत मला माहीत नव्हतं, बहिणीला उतरवतोय की मढ्याला ते."

"मग तसं स्वतःच्या तोंडाने सांगायचं."

"माझं तू कधी ऐकलंयस?"

सरनो खाली बसली. हेही खोटं नसेल कशावरून, असं तिच्या मनात आलंच. तिने त्याचा चेहरा नीट बघितला. लहानपणी मेंढी हरवून आला की तो असाच बसायचा.

वर डलकडून ढोल ऐकू येऊ लागला. जथा त्याची वाट बघत होता.

"आज सांगून टाकतो सगळ्यांना," तो म्हणाला.

"आणि मग? ते पुढच्या वर्षी कोणाला विचारतील, कोणी जायचं नि कोणी थांबायचं?" ती उठली, श्वास जागेवर येईपर्यंत थांबली. "खांद्यापासून हलू नकोस. तुझं डाव्या गुडघ्यापासून सुरू होतं. आणि मला पोरी म्हण."

डलवर ती माणसांच्या मागे उभी राहिली. ढोल चढला. आधी गुडघा हलला, मग मांडी, मग टोपी उडाली. जैसी काठावरच्या गोठलेल्या चिखलातून सरळ आत गेला, कमरेइतक्या पाण्यात, आणि वळून तिच्यापुढे आला. ओठ निळे, डोळे तिच्यावर असून तिच्यावर नव्हते.

"आलीस का गं, पोरी," तो म्हणाला.

आवाज त्याचा होता का? सरनोला सांगता येईना. नखावर धरून बघावं असं तिथे काही नव्हतं. तिने हात जोडले, जथ्यातल्या दोघींनी तिला धरलं, आणि तिने बुडी मारली.

नंतर त्याला विचारलं तर तो म्हणाला, आठवत नाही. पूर्वीही असंच म्हणायचा. खोटं बोलणाराही असंच म्हणेल. हिवाळ्यात दोन्ही घरं खाली कांगड्याकडे उतरली, तिथेही ती अधूनमधून विचारायची, कधी चिडवून, कधी अचानक, झोपेतून उठवल्यासारखं. जैसी टोपी नीट करायचा आणि बाहेर जायचा.

माघात तिचा श्वास पुन्हा अडू लागला, तेव्हा तिचं अंथरूण चुलीजवळ हलवलं. एका सकाळी कौलां पाण्याला गेली होती आणि जैसी तव्यावर मक्याची भाकरी टाकून बसला होता. त्याने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग आपणहून म्हणाला, "बोबो, त्या दिवशी डलवर—"

सरनो कुशीवर वळली.

"आधी भाकरी उलट. करपतेय."