नवऱ्याच्या नावाने दिराची तपासणी

धर्माची गाय अन् दात का नाय, असं माझी सासू म्हणायची. फुकट मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत, एवढाच त्याचा अर्थ. मी मात्र दात मोजणाऱ्यांतलीच. लग्नाच्या पंगतीत कुणी जरा जास्त आग्रह करून वाढलं, तरी याला आपल्याकडून काय हवंय, असं माझ्या मनात येतं. त्यामुळे एका मोठ्या कंपनीने निघोजे आणि आसपासच्या गावांसाठी फिरता दवाखाना दान दिला, तेव्हा आमच्या भाड्याच्या खोल्यांची सगळी लाइन खूश झाली आणि मी दारातून नुसती बघत राहिले.

पांढरीशुभ्र गाडी होती. तिच्यावर कंपनीचं नाव हातभर अक्षरांत आणि ‘मोफत आरोग्य तपासणी’ खाली कुठेतरी कोपऱ्यात. कुणाचं बीपी मोजलं की एक माणूस फोटो काढायचा. मोठ्या कंपन्यांना नफ्यातला काही वाटा असल्या कामाला द्यावाच लागतो म्हणे. द्यावाच लागतो तर मग ते दान कसलं, असं मी शेजारणीला विचारलं. तिने चष्म्याचा नंबर काढून घेतला होता, त्यामुळे तिला माझं म्हणणं पटलं नाही.

माझ्या संशयाला कारण होतं. नवरा ठेकेदारामार्फत एका प्रेस शॉपमध्ये होता आणि तिथे याच कंपनीचे पार्ट बनायचे. पत्रा ठोकणाऱ्या त्या मशीनच्या धडधडीत त्याचे कान गेले होते. कामावर हे कुणाला कळलं नव्हतं, कारण तिथे कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही, सगळा कारभार हातवाऱ्यांवर. पण ठेकेदार दर काही महिन्यांनी ब्रेक देऊन सगळ्यांना घरी बसवायचा आणि मग त्याला हवी तीच माणसं परत बोलवायचा. ऐकू न येणाऱ्या माणसाला प्रेसवर कोण उभं करणार? अशात सुपरवायझरने सांगितलं की सगळ्यांनी गाडीत जाऊन तपासून घ्यायचं, कानसुद्धा. न जावं, तर लपवण्यासारखं काहीतरी आहे हे आपणच सांगितल्यासारखं.

यावर आमच्या लाइनीत एक ठरलेला उपाय होता. नव्या कामावर घेताना मेडिकल असलं की साखर असलेला माणूस साखर नसलेल्याला पाठवायचा. आधार कार्डावरच्या फोटोत माणूस स्वतःलाही ओळखू येत नाही, तिथे दुसऱ्याला कोण ओळखणार? माझा धाकटा दीर आमच्याकडेच राहायचा, चाकणच्या बाजारात कांद्याची पोती उचलायचा. चेहऱ्याने अगदी भावासारखा. तोच म्हणाला की दादाच्या जागी मी बसतो. हसत गेला, हसत आला. कान एकदम पास. जाता जाता गाडीतल्यांनी छातीचा फोटो काढला होता आणि तो खोकला म्हणून डबीत थुंकीही घेतली होती. आम्ही त्याकडे लक्षच दिलं नाही. खोकला कांद्याच्या धुळीचा, हे आमच्या घरात कधीच ठरून गेलं होतं.

थोड्या दिवसांनी सरकारी दवाखान्याच्या आशाताई दारात आल्या. नवऱ्याचं नाव घेऊन म्हणाल्या, त्यांना टीबी निघालाय, गोळ्या लगेच सुरू करायला हव्यात. माझं डोकंच फिरलं. कानात काही सापडलं नाही म्हणून आता छातीला धरलं, असंच मला वाटलं. माणसं काढायची असतील तर सरळ काढा, रोग कशाला चिकटवता, असं बरंच काही मी त्यांना दारातच सुनावलं. त्या बिचाऱ्या ऐकून घेत होत्या. तेवढ्यात आतून दीर खोकला.

गाडीत गेला कोण होता, हे रागाच्या भरात मी विसरलेच होते.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. काम वाचावं म्हणून केलं, तर नवऱ्याच्या नावावर टीबी लागला. खरं सांगावं, तर आता नवऱ्यालाच कान तपासायला बसवणार. गप्प बसावं, तर आशाताई समोर उभ्या राहून गोळ्या नवऱ्यालाच गिळायला लावणार आणि दीर हातचा जाणार. दिराने तोवर पिशवी भरली होती. म्हणाला, “वहिनी, मी गावाकडं जातो, तिकडं बघतो कायतरी. दादाचं काम जाऊ देऊ नका.”

नवऱ्याला काही सांगायचं तर ओरडून सांगावं लागायचं, आणि आमच्या खोल्यांत ओरडलं की सगळ्या लाइनीला कळतं. मी दार लावलं आणि त्याला खुणांनीच सगळं सांगितलं. मग उठून त्याने भावाच्या हातातली पिशवी काढून घेतली. “उद्या दोघं जाऊ,” म्हणाला. “मी बी बसतो.”

दीर गोळ्या पुऱ्या करून आता ठणठणीत आहे, हे आधीच सांगून टाकते. गाडीतल्या डॉक्टरीण बाई आम्हाला रागावल्या नाहीत. कागद कंपनीकडे जात नाहीत, असं त्या म्हणाल्या. मी विचारलं, मग गाडीवर नाव कुणाचं आहे? त्या म्हणाल्या, “गाडी त्यांची आहे. कागद माझ्याकडे राहतात.” माझा विश्वास बसला नाही. खरं सांगायचं तर आजही पूर्ण बसलेला नाही.

मग नवऱ्याला त्या काचेच्या खोक्यात बसवलं. कानांवर हेडफोन, हातात बटण. शिट्टी ऐकू आली की दाबायचं. नर्सबाई बाहेर मशीनपाशी होत्या आणि मी त्यांच्या मागे. शिट्टी वाजली की मशीनवर एक बारीक दिवा लागायचा. मला तो स्पष्ट दिसत होता आणि नवऱ्याला काचेतून माझा चेहरा. तो माझ्याकडेच बघत होता. दारात कुणी आलंय का, पाहुण्यांच्या बोलण्यावर आता हसायचं का, हे सगळं तो इतकी वर्षं माझ्याच चेहऱ्यावरून ओळखत आला होता. मी नुसती भुवई उचलली असती, तरी त्याने बटण दाबलं असतं आणि त्याचं काम राहिलं असतं. मला फार भीती वाटत होती. दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. मी त्याच्याकडे पाठ केली आणि गाडीतून खाली उतरले.