कागदाला हात लावला नाही

कंधारच्या दिवाणी कोर्टातले बेलीफ जहांगीरभाई. नोकरीत त्यांच्यावर लोकांनी कुत्री सोडली, शेणाच्या पाट्या ओतल्या, एका बाईनं तर उकळतं कालवण फेकलं. समन्स घेऊन दारात येणारा माणूस कुणाला गोड लागणार? पण घराण्याचा बांगड्यांचा धंदा सोडून आपण होऊन हे दुखणं घेतलं होतं, तेव्हा रडायचं कुणापाशी!

या भागात एक समजूत फार पक्की आहे. कोर्टाच्या कागदाला हात लावला की माणूस अडकला, नाही लावला तर कोर्टाच्या बापालाही सापडत नाही. कुणी पेरली देव जाणे, पण उगवली मात्र जोरात.

भुजंगचाही तिच्यावर गाढ विश्वास. बाप गेल्यावर जमिनीत बहिणीचाही हिस्सा आला, पण हा पठ्ठ्या सगळीच विकायला निघाला. औशाला दिलेली बहीण वर्षाराणी कोर्टात गेली. कोर्टानं हुकूम दिला, दावा चालेतोवर जमीन विकायची नाही. पण हुकूम भुजंगपर्यंत पोचायला हवा होता. पोचला नाही, तर 'मला माहीतच नव्हतं' म्हणून तो विकून मोकळा होणार आणि वर्षाराणी हात चोळत बसणार. टपालानं पाठवलेली प्रत परत आली. भुजंगनं एकदा पोस्टमनचे दात हलवले होते, त्यामुळे पोस्टमननं लांबूनच 'घर बंद' असा शेरा मारला. 'घेण्यास नकार' एवढं लिहिलं असतं तरी काम झालं असतं. पण हिंमत काही तिकिटांसोबत मिळत नाही.

मग जहांगीरभाई स्वतः गेले. भुजंग ओट्यावरच उभा होता.

"चाचा, आल्या वाटंनं मागं फिर."

"भुजंगराव, हुकूम हाय कोर्टाचा. घ्या."

"मी हात लावत न्हाई." आणि गड्यानं खरोखरच दोन्ही हात पाठीमागे नेऊन बोटं एकमेकांत अडकवली, गुरुजींपुढं उभं राहावं तशी.

जहांगीरभाईंनी हुकूम मोठ्यानं वाचून दाखवला. शेजारची दारं एकेक करून लागली. साक्षीला कोण थांबतो! "मंग दाराला चिकटवतो. कायदा तसाच हाय," म्हणत त्यांनी डब्यातली कणकेची खळ काढली आणि कागद दाराला लावला. फोटो काढायला कोर्टाचा मोबाइल वर केला, तोच पहिली लाथ बरगडीत बसली.

दुसरी पोटात. तिसरी तोंडावर, त्यासरशी ओठ फाटून रक्ताची गुळणी आली. मोबाइल टाचेखाली चुरडला गेला. "हात न लावता मारतो बघ तुला!" भुजंग ओरडत होता, आणि हात मागेच. दारावरचा कागद वीतभर अंतरावर होता. तो बघून त्याच्या अंगाचा तिळपापड होत होता, पण फाडायचा म्हणजे हात लावणं आलं. शेवटी तो गोठ्यात चाबूक आणायला धावला.

तेवढ्यात त्याची आई कस्तुराबाई भाकरी टाकून, तवा फडक्यात धरून बाहेर आली. "साक्षीला अंगठा लागतो न्हवं? वर्षी बी माझ्याच पोटची हाय. पर एक ऐक बाबा, माराचं लिहायचं न्हाई. लेक हाय माझा, ठाण्यात नगं जायाला."

"न्हाई लिहीत, माय."

जहांगीरभाईंचा शाईचा पॅड लाथांसरशी गटारात उडाला होता. म्हातारीनं तव्याच्या बुडाच्या काजळीत अंगठा माखला आणि हुकूम बजावल्याच्या अहवालावर दाबला.

चाबूक घेऊन परतलेल्या भुजंगनं ते पाहिलं. ज्या हातांना कागदाचा विटाळ होत होता, त्यांना आईच्या झिंज्यांचा झाला नाही. त्यानं तिला उंबऱ्यावर आपटलं, मनगट काडकन मोडलं. मग कानावर चाबकाचं दांडकं. जहांगीरभाई रांगत मध्ये आडवे पडले, उरलेले फटके त्यांच्या पाठीवर पडले. असल्या माणसाचे हात झडायला हवेत, पण झडत नाहीत.

दवाखान्यात जहांगीरभाईंनी सांगितलं, गाडीवरून पडलो. शब्द दिला होता. वर्षाराणीनं आईला औशाला नेलं. खळीच्या वासानं तो कागद भुजंगच्याच शेळीनं खाल्ला, आणि त्याच आठवड्यात त्यानं जमीन विकली.

वर्षाराणी पुन्हा कोर्टात गेली. भुजंगचा वकील म्हणाला, "हे बेलीफ गावात गेलेच नाहीत. एसटी स्टँडवर बसून अहवाल लिहिलाय. हा अंगठा म्हणजे भजेवाल्याच्या कढईचा डाग आहे."

जहांगीरभाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. माराचा एक शब्द काढला की ते गावात गेल्याचं सिद्ध झालं असतं. त्यांनी मागच्या बाकाकडे पाहिलं. कस्तुराबाई मोडका हात गळ्यात अडकवून बसली होती. तिला साक्षीला उभं केलं, तरी माराचं निघालंच असतं. त्यांनी तो शब्द गिळला.

न्यायाधीशबाईंनी भुजंगला विचारलं, "तुम्हाला हुकूम माहीतच नव्हता?"

आता मात्र भुजंगला आपली हुशारी दाखवल्यावाचून राहवेना. "मॅडम, मी कागदाला हात लावलाच न्हाई! ह्येनं पुढं धरला, वाचला बी, पर मी हात मागंच ठिवले. इचारा त्याला. लाथा घातल्या, पर हात न्हाई लावला!"

वकिलानं डोळे मिटले. बाईंनी शांतपणे सांगितलं, "लिहून घ्या." हुकूम बजावला गेला होता, हे भुजंगच्याच तोंडून कागदावर आलं. आता विक्रीचा जाब त्यालाच द्यावा लागणार होता, आणि वर्षाराणीचा हिस्सा शाबूत राहणार होता.

बाहेर व्हरांड्यात कस्तुराबाईनं चांगला कान पुढं केला. "काय म्हणला त्यो?"

जहांगीरभाईंनी सांगितलं. लाथांचंही.

"आन् माझं? मला मारलेलं सांगितलं का?"

"न्हाई, माय. त्ये न्हाई म्हणला."

म्हातारीनं मोडकं मनगट गळ्यातल्या झोळीत नीट सावरलं. मग भिंतीचा आधार घेऊन उठली.

"चल ठाण्यात. तितं शाईचा पॅड असंल न्हवं? तवा घरी ऱ्हायला."