आमचे धवले आमच्याच घरात

माझ्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याच्या वरच्या फळीवर, एक छोटा कॉम्प्युटर आहे. जाडजूड पुस्तकाएवढा. त्याला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, एक हिरवा दिवा तेवढा लुकलुकतो. घरी येणारे विचारतात, हा केबलवाल्याचा डबा का? मी म्हणते, नाही, यात आमचं गाव गातं. मग ते माझ्याकडे जरा काळजीने बघतात. बघू देत. घणसोली गावात म्हाताऱ्या बाईकडे काळजीने बघणाऱ्यांना चहा मिळत नाही, एवढं मी सांगून ठेवते.

आमच्या आगरी लग्नात भटजींच्या आधी धवलारीण लागते. हळद दळण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचं तिचं गाणं असतं, धवला. तो कुठे लिहिलेला नसतो, धवलारणीच्या गळ्यात असतो. माझी मोठी जाऊ गावची धवलारीण. तिने तोंड उघडलं की डीजेवालासुद्धा आपला आवाज खाली करायचा.

आणि मी? मी गावातली शहाणी. अकरावी पास, खांद्याला पर्स, तुर्भ्याच्या कारखान्यात आधी टायपिस्ट आणि मग कॉम्प्युटर ऑपरेटर. तेव्हाच्या त्या बाईला आज रस्त्यात भेटले तर मी तिची वेणी ओढीन. नव्या शहरासाठी जमीन गेली तेव्हा माझ्या सासऱ्यांनी कागदावर अंगठा दिला होता. सून म्हणून आल्यावर मी त्यांना भर ओसरीवर विचारलं, "मामा, न वाचता अंगठा दिलात कसा?" ते बिचारे विडी विझवत म्हणाले, "सायब हासून बोलला गो." त्यावर मी माहेरी जाऊन आठ दिवस हसले होते. साहेब हसला म्हणून जमीन दिली म्हणे!

पुढे साठी ओलांडल्यावर मी जावेचे धवले मोबाइलवर टिपायला लागले. कधी तिच्या ओट्यावर, कधी कुणाच्या मांडवात. फोन भरला तेव्हा एका मोठ्या कंपनीच्या फुकटच्या साइटवर खातं उघडलं. तिथे सतरा पानांचा करार होता आणि त्याच्या खाली एक निळं बटण, "मला मान्य आहे." माझ्या नाकावर चष्मा होता. मला इंग्रजी वाचता येत होतं. मी बटण दाबलं. बटण दिसायला छान होतं हो. सगळे धवले वर चढवले आणि फोनमधून पुसून टाकले, कारण शहाण्या बाईला फोन स्वच्छ लागतो.

दोन वर्षांनी जावेच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज. शिव्यासुद्धा ती कानाशी येऊन द्यायची, त्यामुळे त्या जास्त लागायच्या. मग तिच्या एकुलत्या एका नातीचं लग्न ठरलं, आणि ती माझ्या कानाशी आली.

"हलदीला माजा आवाज लाव. दुसरी कोन धवलारीन नको मना. माजे नातीची हलद हाय."

"लावते गं बाय," मी म्हटलं. "बोट फिरवायचा अवकाश."

बोट फिरवलं. खातं बंद. तुम्ही नियम मोडलात, असं इंग्रजीत लिहिलं होतं. खणत खणत गेले तेव्हा कळलं. कुठल्याशा गाणी विकणाऱ्या कंपनीने आमच्यातलाच एक धवला ढोलाबिलावर चढवून बाजारात आणला होता, आणि साइटच्या यंत्राला माझ्या जावेचा धवला त्याच्यासारखा वाटला. म्हणजे चोर माझी जाऊ. तसंच आणखी दोन धवल्यांचं झालं आणि सगळ्या खात्यालाच टाळं लागलं.

मी अर्ज केला. एका मिनिटात उत्तर आलं, "आम्ही तुमची अडचण समजतो." एका मिनिटात कुणी कुणाची अडचण समजतं का? पुन्हा अर्ज केला, पुन्हा तेच वाक्य, स्वल्पविरामासकट. चौथ्यांदा मी मराठीत लिहिलं, आणि जे लिहिलं ते इथे लिहिता येणार नाही. त्यावरही त्यांनी माझी अडचण समजून घेतली.

जावेला सांगणं भाग होतं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "कनचे गावचा हाय तो?"

"कोण?"

"चोर बोलनारा. त्याला सांग, माजे आयशीकडशी शिकले मी. आयस तिचे आयशीकडशी. तो जन्माला आलता का तवा?"

"बाय, तो माणूस नाही. यंत्र आहे."

"मंग यंत्राला माजा आवाज दिलास कशाला?"

आता तिला काय सांगू, बटण हसून बोललं म्हणून? सासरे वर कुठे असतील तिथे आता आठ दिवस हसत असणार.

आमच्या वरच्या खोलीत नांदेडकडचे एक गृहस्थ भाड्याने राहतात, मी त्यांना भाऊ म्हणते. पन्नाशीचे, तळोज्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरची देखभाल करतात. जिन्यात गाठून मी त्यांना सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "मावशी, तुम्ही कंपनीत नेमकं काय करायच्या?"

"रोज संध्याकाळी दिवसाच्या कामाची टेप काढायची आणि कपाटात ठेवायची. शनिवारी दुसरी प्रत काढून पलीकडच्या इमारतीत. आग लागली तरी एक उरावी म्हणून."

"किती वर्षं?"

"बावीस."

"म्हणजे कंपनीच्या चलनांच्या दोन-दोन प्रती, अन् घरच्या धवल्यांची एक बी नाही?"

"भाऊ, खोली रिकामी करायचा विचार आहे का तुमचा?"

हसले ते, पण रविवारी कारखान्यातून मोडीत निघालेला हा छोटा कॉम्प्युटर रीतसर मागून घेऊन आले. म्हणाले, साइट म्हणजे तरी काय मावशी, दुसऱ्याच्या घरातला कॉम्प्युटरच. आपला आपल्या घरात ठेवू. वायफाय आहे, वीज आहे, तुम्ही आहात.

पण आत घालायला धवले कुठे होते? मग आठवलं. दर वेळी टिपलेला धवला मी गावातल्या बायकांच्या ग्रुपवर टाकायचे, मिरवायला. तो मिरवण्याचा रोग त्या दिवशी कामी आला. दुपारी सगळ्यांना फोन घेऊन बोलावलं. माझ्या ओट्यावर चपलांचा ढीग.

"माज्यात हाय, पन मदी कुकरची शिटी वाजते."

"वाजू दे."

"माज्यात सगली फुलं हायत. नवरा रोज सकाली फुलं पाठवतो."

"बाजूलाच झोपतो ना गो तुजे?"

"म्हनून तर. बोलायला नको."

तीन दुपारी आम्ही एकेक फोन उलटा करून झाडला. एकीकडे पहिली ओळ, दुसरीकडे तोच धवला पूर्ण, पण मागे बकरी. जे मिळेल ते आत टाकत गेलो. गावातली प्रत्येक बाई आपल्या फोनवरून पासवर्ड घालून ऐकू शकेल अशी सोय भाऊंनी केली, आणि तो चालवायच्या खुब्या मला शिकवल्या. मी त्या वहीत लिहून घेतल्या. या वेळी न वाचता काही दाबलं नाही.

समोरच्या टॉवरमध्ये राहणारा माझा मुलगा येऊन म्हणाला, "आई, त्या कंपनीकडे हजारो इंजिनिअर आहेत. तुझं हे बंद पडलं तर?"

"तर मी तुझ्या बापाच्या जुन्या स्कूटरसारखी लाथ घालीन. तुझ्या इंजिनिअरांना घालता येईल का?"

त्याला मी गावच्या भांड्यांची आठवण करून दिली. लग्नाचे मोठे टोप आणि हंडे पूर्वी गावच्या मालकीचे असत. एका घरी ठेवलेले. ज्याच्याकडे कार्य त्याने न्यायचे, घासून परत आणायचे. टोप ठेवणारीला घासणाऱ्यांशी भांडावं लागे, हे खरं. पण तुमच्या भाजीने नियम मोडला म्हणून भर लग्नात चुलीवरून टोप उचलून कुणी नेला नाही. भांडायचंच तर समोरच्या दाराशी भांडावं, बाई तरी दिसते. मुलगा म्हणाला, ते आता सगळे केटररकडून मागवतात. मी म्हटलं, म्हणूनच तुमच्या वरणाला चव नसते. एक प्रत मात्र त्याच्याच घरी ठेवायला लावली आणि दुसरी समाजमंदिराच्या कपाटात. बावीस वर्षांची सवय.

हळदीचा दिवस उजाडला. मांडवात स्पीकर, त्याला माझ्या एका पुतणीचा फोन जोडलेला. तिने बोट फिरवलं आणि काही नाही. सगळं वऱ्हाड माझ्याकडे बघायला लागलं, मुलगा तर फारच प्रेमाने. मी साडी खोचून घराकडे पळाले. हिरवा दिवा विझलेला. वायर धरून भिंतीपर्यंत गेले तर तिथे मिक्सरचा प्लग. सकाळी खोबरं वाटायला कॉम्प्युटरचा प्लग मीच काढला होता.

खोबरं बाजूला केलं, प्लग लावला, दिवा आला. अर्जबिर्ज काही नाही. हजारो इंजिनिअरांची कंपनी महिनाभर जे सांगू शकली नाही ते मला भिंतीने सांगितलं.

मांडवात परत पोचले तेव्हा जावेचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. भरलेला, खणखणीत, मागे कुकर आणि बकरी. नात पाटावर बसलेली, डोळ्यांतलं पाणी हळदीत मिसळत होतं. जाऊ मात्र रडली नाही. ती स्वतःचा आवाज परीक्षकासारखी मान तिरकी करून ऐकत होती. एका ठिकाणी तिने नाक मुरडलं.

मग हळद उतरवायची वेळ आली आणि लक्षात आलं, तो धवला कुठल्याच फोनमध्ये मिळाला नव्हता. पुतणीने मान हलवली. जावेने माझं मनगट धरलं आणि मला खाली बसवलं.

"मी सांगते. तू बोल."

"बाय, माझा आवाज माहीत आहे ना तुला?"

"ठावा हाय. कावला बरा. बोल."

ती एक ओळ माझ्या कानात कुजबुजायची, मी ती मोठ्याने म्हणायचे, आणि बायका माझ्या मागून उचलायच्या. पहिल्या ओळीला पोरं हसली. तिसरीला सूर थोडा जागेवर आला, पाचवीला पुन्हा गेला. पण शब्द एकही सुटला नाही, कारण सुटला की ती चिमटा काढत होती. पुतणीने सगळं टिपलं, आणि संध्याकाळी मी ते फळीवरच्या कॉम्प्युटरमध्ये चढवलं.

दुसऱ्या दिवशी जाऊ आली. ऐकलं.

"पूस हा. गाव काय बोलंल? धवलारनीचे घरात गाढव शिरला."

"नाही पुसणार."

"मी मोठी हाय तुजेपेक्षा."

"मोठी असशील. पण हा एवढाच आहे आपल्याकडे, आणि आपल्या घरात आहे. इथून कुणाच्या हुकुमाने काही पुसलं जाणार नाही. तुझ्यासुद्धा."

तिने माझ्या कानाशी येऊन एक अस्सल आगरी शिवी दिली. मग डब्यातला लाडू घेतला, पाटावर ऐसपैस बसली आणि बोटाने फळीकडे खूण केली. पुन्हा लाव.