बागेसमोरची काच

काचदादांनी चाळीस वर्षं काचा बसवल्या. घरांना, दुकानांना, शाळेला, इस्पितळाला. हिऱ्याची कलम काचेवरून एकदाच फिरवायची, दोन्ही अंगठ्यांनी हलका दाब द्यायचा, की काच रेघेवर सरळ तुटायची. दुसऱ्यांदा रेघ मारणाऱ्याला ते कारागीर मानतच नसत. माणूस तसा खडूस. गिऱ्हाइकानं "जरा सांभाळून" एवढं म्हटलं तरी त्यांचं डोकं फिरायचं. अशा माणसाच्या हातून एकसष्टाव्या वर्षी काच निसटली आणि उजव्या तळव्यात खोल शिरली. टाके पडले, जखम भरली, पण दोन बोटं काही परत वाकली नाहीत. धंदा बंद झाला.

पहिले सहा महिने त्यांनी घरात बसून बायकोला जीव नकोसा केला. चहात साखर कमी, दार नीट लागत नाही, झाडू चुकीच्या कोपऱ्यात. शेवटी एके दिवशी ती म्हणाली, "अहो, मागच्या अंगणात जा आणि भिंतीशी भांडा. मला कामं आहेत."

ते गेले. अंगण कसलं, काचांच्या रिकाम्या पेट्या टाकायची ती जागा. पलीकडे कुंपण आणि कुंपणाला लागून धाकट्या भावाचं घर. भिंतीच्या खुंटीला जुन्या दोरीचं भेंडोळं लटकलं होतं आणि त्यात बुलबुलाच्या जोडीनं घरटं केलं होतं. काचदादा रोज पेटीवर बसून बघू लागले. पिल्लं उडायला दोन दिवस असतील नसतील, तेव्हा मांजरानं घरटं खाली ओढलं.

"मांजराला काय बोलणार," ते बायकोला म्हणाले. "खुंटीच खाली होती. उडी पोचत होती त्याची."

चूक सापडली की ती दुरुस्त केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आधी त्यांनी पेट्या हलवल्या. मग कुंपणाच्या कडेनं काटेरी झुडपं लावली, आत पाखरू शिरेल पण मांजर शिरणार नाही अशी. फळांची झाडं लावली, माणसांना आवडतील ती नव्हे, पाखरांना आवडतील ती. किडीवर औषध मारायचं बंद केलं, कारण किडेच नसतील तर पिल्लांना भरवायचं काय. वाळलेली पानं झाडायची नाहीत, सुकलेली फांदी तोडायची नाही. पाण्याचं भांडं मातीचं, दोन बोटं खोल, आत खडबडीत दगड, म्हणजे पाय घसरत नाहीत. ते रोज घासायचं, रोज नवं पाणी. आणि भांड्याच्या भोवती चार पावलं मोकळी, मांजराला दबा धरायला जागा नको.

बायको बघत असायची. एकदा म्हणाली, "चाळीस वर्षांत माझ्यासाठी कधी एक तांब्या भरून ठेवला नाहीत."

"तू मागितलास कधी?"

"त्यांनी तरी कुठे मागितला?"

काचदादांनी पाण्याचं भांडं उचललं आणि घासायला घेतलं.

सहा वर्षांत झुडपं डोक्याच्या वर गेली. शिंपी पक्षी आला, दयाळ आला, फळं पिकली की साळुंक्यांचा थवा यायचा आणि असा कलकलाट करायचा की बोललेलं ऐकू येऊ नये. काचदादा हळूहळू कमी बोलायला लागले. ते सुखात होते, पण तसं कबूल करणाऱ्यांतले नव्हते.

सातव्या वर्षी धाकट्यानं मागच्या बाजूला नवी खोली काढली. कुंपणाकडची सगळी भिंत काचेची, जमिनीपासून छतापर्यंत. आतून बाहेरचं लख्ख दिसावं आणि बाहेरून नुसता आरसा, अशी काच.

"दादा, तुझी बाग आता आम्हाला बसल्याजागी दिसेल," धाकटा म्हणाला. मनापासूनच म्हणाला. काचदादांनी सांधे तपासले. काम चोख होतं, आणि ते चोख आहे याचाच त्यांना राग आला.

तिसऱ्या सकाळी धप्प आवाज झाला. काचेखाली बुलबुल पडला होता, मान वाकडी होऊन. त्याच आठवड्यात आणखी दोन. काचदादा पाण्याच्या भांड्यापाशी उकिडवे बसले आणि पाखराच्या उंचीवरून त्यांनी समोर पाहिलं. काचेत दुसरी बाग उभी होती. तीच झुडपं, तेच आभाळ, खऱ्यापेक्षाही हिरवं. भांड्यावरून उडालेलं पाखरू तिकडेच जाणार होतं.

ते त्याच संध्याकाळी धाकट्याकडे गेले.

"बाहेरून पांढरे ठिपके लावू या. तीन-तीन बोटांवर, सगळ्या काचेला. पाखरांना कळतं मग, इथे वाट नाही ते. मी लावून देतो. तुला आठ दिवसांत सवय होईल."

"एवढी हौसेनं घेतलेली काच, तिला कांजिण्या आणू?" धाकटा हसला.

"आणि भाऊजी, पुसायला आम्हालाच लागतंय," धाकट्याची बायको म्हणाली. "रोज काचेवर डाग, खाली पिसं. पाहुण्यांसमोर कसं दिसतं ते?"

"मग पडदा सोडा बाहेरून."

"मग काच कशाला घेतली?" धाकट्याचं हसू गेलं. "दादा, एक सांग. इस्पितळाची अख्खी दर्शनी बाजू तूच बसवलीस ना? चार मजले. तिथे पाखरं मरत नसतील? तेव्हा नाही कुणाला ठिपके लावलेस."

काचदादा उठून घरी आले. दुसऱ्या दिवशी उजाडताच ते इस्पितळापाशी जाऊन उभे राहिले. झाडूवाली बाई काचेच्या कडेनं झाडत होती. त्यांनी विचारलं. ती झाडता झाडताच म्हणाली, "असतात की. दोन, चार. थंडी सुरू होताना जास्त. निम्मी मांजरंच उचलतात माझ्या आधी."

"कधीपासून?"

"काच लागली तेव्हापासून. सतरा वर्षं झाली." तिनं सुपलीतलं मेलेलं पाखरू त्यांना दाखवलं. "तुमचं काही हरवलंय का?"

"नाही," ते म्हणाले. ती काच कुणी बसवली हे त्यांनी तिला सांगितलं नाही.

घरी येऊन त्यांनी आपल्या बाजूनं बांबू उभे केले आणि त्यांवरून काचेसमोर जवळजवळ दोऱ्या सोडल्या. दोन दिवस एकही पाखरू आपटलं नाही. तिसऱ्या सकाळी सगळ्या दोऱ्या कुणीतरी कापून जमिनीवर टाकल्या होत्या. कुणी कापल्या हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर भांडण झालं असतं, आणि दोऱ्या पुन्हा कापल्या गेल्याच असत्या.

थंडीच्या सुरुवातीला लांबून येणारी बारकी पाखरं उतरली. एका महिन्यात अकरा मेली. काचदादांनी ती झुडपांखाली पुरली. अकरावं पुरलं त्या दुपारी त्यांनी करवत काढली.

बायको दारात आली. "अहो, सहा वर्षांचं आहे ते."

"बोलावतोय कोण त्यांना? मीच ना?"

"दिराशी मी बोलू का एकदा?"

"बोललो मी."

एका झुडपात शिंप्याची पिल्लं होती. ती उडेपर्यंत ते बारा दिवस थांबले. मग झाडं कापायला सुरुवात केली. त्या हातानं करवत नीट चालेना, चार दिवस लागले. बायकोनं फांद्या ओढल्या. शेवटी पाण्याचं भांडं पालथं घातलं. पुढचा आठवडाभर पाखरं यायची, मोकळ्या जमिनीवर उतरून इकडेतिकडे बघायची. मग येईनाशी झाली.

"आता कसं, नजर लांबपर्यंत जाते," धाकट्याची बायको जाऊबाईंना म्हणाली.

उन्हाळा लागला. झुडपं नाहीत म्हटल्यावर ऊन थेट काचेवर येऊ लागलं आणि त्या खोलीची भट्टी झाली. धाकटा कुंपणाशी येऊन उभा राहिला.

"दादा, उगाच तोडलीस झाडं. चांगली सावली पडायची आमच्यावर."

काचदादांनी त्याच्याकडे पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता. खरंच विसरला होता.

आठ दिवसांत धाकट्यानं काचेवर बाहेरून जाड पांढरे पडदे बसवले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते सोडलेलेच असायचे. त्यांच्यावर चुकूनसुद्धा कुठलं पाखरू आपटलं नसतं.

बायको एक दिवस जेवताना म्हणाली, "आता पुन्हा लावायची का?"

"ते पडदे उन्हासाठी आहेत. ऊन कमी झालं की गुंडाळेल वर. त्याच्या मर्जीवर मी पाखरं बोलावू?"

"मग जमीन काय तशीच ठेवायची?"

"तुला हवं ते कर."

तिनं मिरच्या आणि कांदे लावले. सकाळी पाणी घालायचं काम तिनं त्यांना दिलं आहे आणि ते घालतात. एखादी साळुंकी कुंपणावर उतरली तर हातातली झारी खाली ठेवून ते टाळ्या वाजवतात, ती उडून जाईपर्यंत.