जनाबचं नाव यादीत आलं, तव्हा

रशीदभाई गेल्याचा फोन आला तव्हा मी हसलो. खोटं कशाला सांगू. क्रांती चौकात रिक्षा लावून शिटा भरायची वाट बघत होतो. त्याच्या आधी रशीदभाईच्या बायकोनं, भाभीनं, मला दोनदा फोन केलता म्हणे, पण तव्हा मी गाडी चालवत होतो, उचलला नाय. मग तिनं कुलकर्णी सरांना पुण्यात कळवलं आन सरांनी मला. सर म्हणले, "बबन, रशीदभाई गेले." मी म्हणलं, "वा सर, भारी जमलं! रशीदभाईनं शिकवलं का तुम्हाला?" आन हसलो... मला वाटलं दोघं मिळून माझा बदला घ्यायलेत. मग सरांचं नाक वढल्याचा आवाज आला. शेजारचा रिक्षावाला इचारतो, "काय बे, लॉटरी लागली का?"

हे मी बोलायलोय आन सर लिहायलेत. मला लिहिता-वाचता येत नाय. शाळेत मी सव्वा वर्ष होतो, त्यातलं वर्षभर मास्तरच रजेवर होते. सरांना सांगितलंय, भाषा सुधरू नका. सर तहसिलीत कारकून होते, त्यांचा हात शिवशिवतो, पण अजून तरी ऐकायलेत.

रशीदभाईचं दुकान म्हणजे शिटा शिवायचं. रिक्षाचं हूड, शीट, पडदे, टेम्पोच्या गाद्या. दहा बाय आठची जागा, एक मोठी मशीन आन सगळीकडं रेक्झिनचे गुंडाळे. मी पहिल्यांदा हूड शिवायला गेलो आन तिथंच बसलो ते पंचवीस वर्षं. घरी बायको म्हणायची, तुमची रिक्षा लई फाटती हो. रिक्षा नव्हती फाटत. रशीदभाईला पिच्चरचं येड होतं, मला होतं, आन पुंडलिकनगरहून सायकलवर येणाऱ्या कुलकर्णी सरांना तर दोघांपेक्षा जास्त होतं, फकस्त ते त्याला 'अभ्यास' म्हणायचे.

पण रशीदभाईचं बघणं न्यारं होतं. तो नटाचं तोंड बघायचाच नाय. तो बघायचा माणूस बसतो कसा. म्हणायचा, "ये हिरो कुर्सीवर बसत नाय रे बबन्या, कुर्सीवर फोटो काढतो. ढुंगण टेकलं का नाय तेच कळत नाय." जल्म शिटा शिवण्यात गेलेला, त्याला बसलेला माणूस वाचता यायचा. आन त्याच्या हिशेबानं अख्ख्या इंडस्ट्रीत बसता येणारा एकच माणूस होता. त्याचं खरं नाव मी इथं घेत नाय, उगा त्या बिचाऱ्याला ताप. आम्ही त्याला 'जनाब' म्हणायचो. तुम्ही त्याला शंभरदा पाहिलंय. कव्हा पोस्टमन, कव्हा कोर्टातला शिपाई, कव्हा हिरोचा चुलता, आन बहुतेक इंटरवलच्या आत मेलेला.

जनाब एकदा दुकानात आलता. इकडं कुठंतरी शूटिंग होतं आन त्यांच्या गाडीचं शीट उसवलं. डायव्हर घेऊन आला, संगं जनाब. शीट शिवून होईस्तोवर तासभर बसला, चहा पिला, जास्त बोलला नाय. जाताना म्हणला, "शुक्रिया रशीदभाई." बस. एवढंच. पण रशीदभाईचं म्हणणं, नाव तर सगळेच इचारतात, जाताना ध्यानात कोण ठेवतं? त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात बसलं, की ज्यानं माझं नाव घेतलं त्याचं नाव कुणीतरी मोठ्यानं घ्यावं. बक्षीस नको, फकस्त यादीत यावं.

ती यादी दरसाल निघायची. मोठ्या फिल्मी बक्षिसांची नॉमिनेशनं. पेपरात आली की आमच्या दुकानात तासभर मशीन बंद. सर उभं राहून वाचायचे, एकदम सरकारी आवाजात. रशीदभाई अर्धवट शिवलेल्या शिटावर मांडी घालून ऐकायचा. आन मला काम काय, तर एकेक नाव आलं की हुसकावल्यासारखं "हूट!" करायचं. शिक्षण लागत नाय त्याला. सगळी यादी व्हायची, जनाबचं नाव नसायचं. मग रशीदभाई काळ्या रेक्झिनची पट्टी कापायचा आन मशीनच्या चाकाला बांधायचा. त्या दिवशी शिवण नाय. गिऱ्हाईक यायचं, पट्टी बघून हळू आवाजात इचारायचं, "कोण गेलं?" रशीदभाई म्हणायचा, "इन्साफ गया. कल आव." मग ती यादी कातरून भिंतीला लावायचा. त्याचा एक नियम होता, छापलेलं तेच खरं. फोनवर काय, आजकाल कुणाच्या बी तोंडून काही बी बोलवून घेतात.

आता माझी अक्कल ऐका. ह्या माणसाची एकच इच्छा, आन मी त्याच इच्छेवर वर्षानुवर्षं इनोद केला. यादी निघायच्या दिवशी सकाळीच त्याच्या घरचा जिना चढून जायचो, नायतर दुकानात घुसायचो, "रशीदभाई, आलं! जनाबचं नाव आलं!" तो उठायचा. चष्मा शोधायचा. "कसम खा." मी खायचो. आईची, बापाची, लेकरांची, रिक्षाची. मग तो हसायचा आन मला शिवी द्यायचा. पहिली काही वर्षं चाललं. मग एका साली मी सरांना फितवलं. सरांसारखा माणूस, आयुष्यात कागदावर खोटं वाचलं नाय, पण माझ्या नादी लागला. सरांनी यादी वाचता वाचता तशाच सरकारी आवाजात जनाबचं नाव घुसडलं.

रशीदभाईनं दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग बाहेर गेला आन जिलबी घेऊन आला. टायरवाला, बॅटरीवाला, हाटेलवाला, समोरच्या मशिदीबाहेर बसलेले म्हातारे, सगळ्यांना सोता वाटली. म्हणायचा, "हमारे जनाब का नाम आया." मला थांबवायला पायजे होतं. मी दोन जिलब्या खाल्ल्या... शेवटी बॅटरीवाल्यानं पेपर बघितला आन अख्खी लाईन हसली. रशीदभाई मशीनवर जाऊन बसला. पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाय. सोळाव्या दिवशी म्हणला, "बबन्या, सगळ्यावर हस. माझ्यावर हस. वो एक नाम छोड दे." मी कानाला हात लावला. आन पुढच्या साली परत केलं. का केलं, मला इचारू नका, मी सोताला इचारून थकलोय. त्यानंतर मी "आलं" म्हणलं की तो मान वर न करता "हौ, हौ" म्हणायचा, मशीन तशीच चालू.

मग साखर वाढली. पायाची जखम भरंना, डोळे गेले म्हणजे सगळंच धुरकट दिसायचं. दुकान बंद झालं. घर वरच्या मजल्यावर, एकच खोली, खाटंवर पडलेला. पोरगी जालन्याला दिलेली. मी दिवसाआड जायचो आन पिच्चरच्या गोष्टी सांगायचो. तो इचारायचा, "बसला कसा?" मी आपला काही बी सांगायचो.

ह्या साली यादी निघाली त्या दिवशी मी क्रांती चौकातून चितेगावला कंपनीच्या बाया घेऊन निघालतो. मागं एक पोरगी मोबाईलवर तीच नावं ऐकायली होती. सपोर्टिंगमध्ये चौथं नाव... मी ब्रेक दाबला. बाया एकमेकींवर पडल्या. मी म्हणलं, "ताई, परत लाव." तिनं लावलं. म्हणलं, "अजून एकदा." तिसऱ्यांदा लावल्यावर दुसरी बाई म्हणती, "मामा, तुमचं नाव हाय का त्याच्यात?" मी म्हणलं, व्हय, आमच्यातलंच हाय. बायांना चितेगावात सोडलं आन तिथून रिक्षा जी हाणली ते रशीदभाईच्या दारात. जिना पळत चढलो. "रशीदभाई! आलं!"

"हौ, हौ," तो म्हणला.

मी म्हणलं ह्या टायमाला खरंच. तो म्हणला, हर टायमाला खरंच असतं. म्हणलं, पोरीच्या फोनवर ऐकलं. म्हणला, फोन का क्या भरोसा. मी म्हणलं बरं, सकाळी पेपर आणतो.

सकाळी पेपर आणला. पेपरवाल्याला इचारून कोणतं पान तेवढं दुमडून घेतलं. आन आता बघा काय झालं. खोलीत तिघं जण. मला वाचता येत नाय. भाभीला फकस्त उर्दू येती. रशीदभाईला वाचता येतं तर दिसत नाय. त्यानं पेपर नाकाला लावला, उजेडाकडं धरला, परत नाकाला लावला. "कहां है?" म्हणला. मी बोट ठेवलं. आता मला काय माहीत मी कुठं ठेवलं. भाभीनं मोठं भिंग आणलं, बारीक अक्षर त्यातून बी दिसंना, पण माझ्या बोटाखालचं ठळक होतं, ते त्यानं एकेक लावलं. म्हणला, "बबन्या, ही तर ट्रॅक्टरची जाहिरात हाय."

मी हसलो असतो, दुसरा कुणी असता तर. म्हणलं, खालच्या भाडेकरूला बोलावतो, तो कॉलेजात शिकवतो. रशीदभाईनं माझा हात धरला. "नक्को. गल्ली को नक्को बुला. एक बार जिलेबी खिलाके देख लिया मैंने." मी सरांना फोन लावला, पुण्याला, त्यांच्या पोरीच्या बाळंतपणासाठी गेलते. सरांनी तिथला पेपर काढला आन वाचलं, उभं राहून वाचलं असंल, आवाजावरून कळतं. सगळी नावं. जनाबचं बी. रशीदभाई सगळं ऐकून म्हणला, "सर, तुम भी ना..."

मी म्हणलं, "आईची शपथ रशीदभाई."

"तेरी मां को तू पहलेच तीन दफा मार चुका."

"लेकराची."

"वो भी गए."

शपथा संपल्या होत्या. तो लई थकलेला होता. म्हणला, "रख दे पेपर. सर आयेंगे, मेरे सामने बैठ के पढेंगे, तो देखेंगे." सर रविवारी येणार होते. मी पेपर खाटंवर ठेवला आन निघालो. तो शुक्रवारी गेला.

बक्षीस जनाबला मिळालं नाय, दुसऱ्यालाच गेलं. त्याचं आम्हाला काही नाय. नाव तर छापलं होतं. मातीच्या दिवशी सर पुण्याहून आले, बूट बी काढायच्या आधी भाभीला म्हणले, "बबन खरं सांगत होता हो." भाभीनं मान हलवली. त्या दिवशी कोण काय ऐकणार.

त्याचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी एकटाच वर गेलो. खोली तीच, खाट भिंतीला उभी केलेली. भाभीनं चहा ठेवला. मी उगं काहीतरी बोलायलो, मधीच ती म्हणली, "तुम उस दिन गए ना, तो उन्होंने पूछे मेरेकू. बबन जीने में हसा क्या?"

मला कळलं नाय. ती म्हणली, "तुम हर बार नीचे उतरते उतरते हसते. इनको इधर सुनने आता. जव्हा-जव्हा तुम्ही खोटं बोलून गेला ना, तव्हा ते जिन्याकडं कान लावून बसायचे. तुमचं हसू आलं की म्हणायचे, ले, झूटा."

"मग त्या दिवशी?"

"मी म्हणलं, नाय हसला. फिर बोले, पेपर इधर दे. तकिए के नीचे रखे."

मी इचारलं, "भाभी, खरं सांगताय ना?"

ती म्हणली, "झूट कायकू बोलूंगी?" आन चहा गाळायला वळली. पाठ माझ्याकडं होती. आता ही बाई मला पंचवीस वर्षं जेवू घालणारी. माझं तोंड एवढंसं झालेलं तिनं बघितलं असंल. माझ्यासाठी तिनं हे रचलं नसंल कशावरून? मी काय शपथ घालू तिला? कोणत्या तोंडानं?

तव्हा कळलं मला. "आलं, आलं" म्हणून मी निघून जायचो, दुसऱ्या गल्लीत जाऊन जिलबी खायचो. आन तो माणूस इथं असाच बसत असंल, मानावं का नाय, मानावं का नाय...

चहा पिऊन उठलो. जिना अंधारा, अरुंद, पायऱ्या झिजलेल्या. रशीदभाईनं डोळे जायच्या आधी प्रत्येक पायरीच्या कडंला रेक्झिनची पट्टी ठोकली होती, पाय घसरू नये म्हणून. चांगली जाड, दुहेरी शिवण मारलेली. अजून एक बी सुटलेली नाय. मी एकेका पट्टीवर पाय देत हळूहळू उतरलो. वर भाभीच्या कपबशांचा आवाज थांबला होता. ती ऐकत असंल, असं मला वाटलं. खाली पोहोचेस्तोवर मी तोंडातून आवाज काढला नाय.